सोनघंटा : नोंदीतले झुडूप आणि डोंगरावरचे

थिओडोर कूक यांचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ मी पहिल्यांदा उघडला तेव्हा माझे लक्ष वनस्पतींकडे न जाता उद्गारचिन्हांकडे गेले. कोल्हापुरात मी गेली तीस वर्षे मुद्रितशोधनाची कामे करतो. उद्गारचिन्ह दिसले की ते तिथे खरोखर हवे आहे का, हे पाहणे माझ्या पोटाच्या धंद्याचा भाग. बहुतेक वेळा ते नको असते आणि मी ते खोडतो. कूक यांच्या ग्रंथात मात्र ती जागोजागी होती. आधी ठिकाणाचे नाव, मग माणसाचे नाव आणि त्याला चिकटून उद्गारचिन्ह. स्टॉक्स! लॉ! डाल्झेल! वुड्रो! आणि त्याच रांगेत कानिटकर! गराडे! भिवा! रानडे!

हा काय प्रकार आहे, याचा उलगडा मला एका निवृत्त प्राध्यापकांनी करून दिला. वनस्पतिशास्त्राच्या लेखनात संकलकाच्या नावापुढे उद्गारचिन्ह असले, तर त्याचा अर्थ 'त्या माणसाने गोळा केलेला नमुना मी स्वतः पाहिला आहे' असा होतो. आश्चर्याशी त्याचा संबंध नाही. ती साक्ष आहे. आयुष्यभर खोडत आलेल्या चिन्हाचा हा अर्थ कळल्यावर मी तो ग्रंथ पुन्हा पहिल्या पानापासून चाळू लागलो आणि त्यातूनच आंबा घाटातल्या एका झुडपापाशी येऊन थांबलो. त्याचे शास्त्रीय नाव अब्युटिलॉन रानडेई. मराठी निसर्गप्रेमींमध्ये ते सोनघंटा या नावाने ओळखले जाते. ते फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीत उगवते आणि अभ्यासक त्याची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींमध्ये करतात.

मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नाही. झुडपाबद्दल शास्त्राला ठाऊक नसलेले काही सांगण्याचा माझा दावा नाही. मला मजकूर वाचता येतो, एवढीच माझी पात्रता. सोनघंटेविषयी जे जे लिहिले गेले, त्यातले मला मिळाले ते मी गेल्या काही वर्षांत वाचले : पहिल्या वर्णनापासून लाल याद्या, वर्तमानपत्रांतल्या बातम्या आणि गावच्या नोंदवहीपर्यंत. प्रत्येक मजकुराला मी एकच प्रश्न विचारला : हे कोणासाठी लिहिले आहे?

रानड्यांचे झुडूप

पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९११पर्यंत 'कॉलेज ऑफ सायन्स' या नावाने ओळखले जाई. कूक तिथे प्राचार्य होते. जॉर्ज मार्शल वुड्रो तिथे वनस्पतिशास्त्र शिकवत आणि गणेशखिंडीची वनस्पती-बागही सांभाळत. या मंडळींच्या हाताखाली काही मराठी माणसे रानोमाळ हिंडून नमुने गोळा करत, दाबून वाळवत, कागदावर चढवत. एन. बी. रानडे हे त्यांपैकी एक. आंबा घाटात त्यांना मिळालेल्या झुडपाचा नमुना पुण्याहून लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पती-संग्रहात पोचला. तिथे काम करणारे ऑटो श्टाफ आणि वुड्रो यांनी मिळून १८९४मध्ये क्यूच्या बुलेटिनमध्ये ती नवी जाती म्हणून प्रसिद्ध केली आणि तिला रानड्यांचे नाव दिले.

ही मानवंदना कमी नव्हती. त्या काळी नव्या वनस्पतींना बहुधा साहेबांची नावे मिळत. जुन्नरच्या बाजूला सापडलेल्या शिंदळ माकुडीला डाल्झेल यांनी १८६५मध्ये मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव दिले आणि 'फ्रेरिया इंडिका' असे बारसे केले. पुढे ती दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली. तिथे 'इंडिका' हे नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीकडे होते, म्हणून नव्या नावातून इंडिका गळाले आणि फ्रियर साहेब तेवढे राहिले. अशा काळात कागदावर नमुने चिकटवणाऱ्या एका मराठी माणसाचे नाव झुडपाला मिळावे आणि ते सव्वाशे वर्षांहून अधिक टिकावे, याचे मला अप्रूप वाटते.

तरी वाचक म्हणून एक गोष्ट खटकते. नव्या जातीच्या वर्णनाचा साचा ठरलेला असतो. पानाचा आकार, देठाची लांबी, लवीचा प्रकार, पाकळीचा रंग, फळाचे भाग. जगात कुठेही बसलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे झुडूप दुसऱ्यापासून वेगळे ओळखता यावे, हा त्याचा उद्देश. तो चोख साधला जातो. पण ते झुडूप उतारावर होते की कड्यावर, आसपास कारवी होती की गवत, शेजारी वस्ती होती का, तिथली माणसे त्याला काय म्हणत, हे त्या साच्यात बसत नाही. रानड्यांना यातले बरेच ठाऊक असणार. ते घाटात पायी गेले होते, तिथल्या लोकांशी मराठीत बोलले असणार. नमुना क्यूला गेला आणि बोलणे घाटातच राहिले. रानडे नावात आले, मजकुरात आले नाहीत.

आणखी एक बारीकशी गोष्ट माझ्या धंद्यामुळे लक्षात आली. जुन्या ग्रंथांत माणसावरून पडलेले जातिनाम मोठ्या रोमन अक्षराने सुरू करण्याची पद्धत होती. आताच्या नियमावलीची शिफारस अशी, की जातिनाम सरसकट लहान अक्षराने लिहावे. नियम सर्वांना सारखाच आहे, फ्रियरनाही. पण कूक यांच्या पानावरचे रानडे हे विशेषनाम होते आणि आजच्या शोधनिबंधातले रानडे हे नुसते विशेषण आहे. बहुतेक वाचकांना त्यामागे माणूस आहे हे जाणवतही नाही.

रानभेंडी

आता झुडूप. सोनघंटा भेंडी, कापूस आणि जास्वंदीच्या कुळातली. आपल्या परसदारी, रस्त्याकडेला उगवणारी अतिबला तिची जवळची बहीण. अतिबलेच्या चक्राकार फळामुळे तिला मुद्रा म्हणतात, पेटारी म्हणतात, आयुर्वेदात तिला मान आहे. सोनघंटेला यातले काही लाभलेले नाही. ती माणसाच्या उंचीच्याही वर जाते. पाने हृदयाच्या आकाराची, टोकाकडे लांब निमुळती होत गेलेली. सगळ्या अंगावर दाट लव, हात लावला तर मखमलीसारखी. हिवाळ्यात पानांच्या बेचक्यांतून लांब देठांवर फुले खाली लोंबू लागतात. पिवळसर-नारिंगी घंटा, तिच्यावर गडद तांबूस-जांभळ्या शिरा आणि मधून जास्वंदीसारखा केसरांचा दांडा. फूल नसताना मात्र ती इतर झुडपांत सहज हरवते.

मी ती पहिल्यांदा पाहिली बारा वर्षांपूर्वी, कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला. जिल्हा सांगतो, किल्ला सांगत नाही. त्याचे कारण पुढे येईल. दोन हिवाळे मी एकटा हिंडून रिकाम्या हाताने परत आलो होतो. तिसऱ्या खेपेला किल्ल्याखालच्या धनगरवाड्यातले एक मामा शेरडे घेऊन भेटले.

"काय हुडकताय पाव्हणं?"

मी छापून नेलेले चित्र दाखवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले.

"ही व्हय? ही रानभेंडी. वर तटाखाली हाय की. शेरडं पाला खात्यात हिचा."

"मामा, ही फार दुर्मिळ आहे."

"दुर्मिळ म्हंजे?"

"म्हणजे फार कमी उरलीय."

"कमी तर हायच. आदी वड्याच्या कडंला बी असायची. आमी ल्हान व्हतो तवा. आता न्हाई."

तटाखाली पाच झुडपे होती. मी फुले पाहण्यात इतका गढलो, की मामांचे शेवटचे वाक्य वहीत लिहून घ्यायचे राहिले. ते आठवले घरी आल्यावर. नंतर याद्या वाचू लागलो तेव्हा समजले, की त्या दिवसातली सर्वांत मोलाची नोंद तीच होती. जाती घटते आहे की नाही, किती वर्षांत घटली, आधी कुठे होती, हे ठरवताना तज्ज्ञांची सगळी ओढाताण जुन्या नोंदी नसल्यामुळे होते. इथे एक माणूस चाळीस-पन्नास वर्षांचा हिशेब एका वाक्यात सांगत होता आणि मी फोटो काढत होतो.

लाल यादीची भाषा

भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाने एम. पी. नायर आणि ए. आर. के. शास्त्री यांच्या संपादनाखाली 'रेड डेटा बुक ऑफ इंडियन प्लांट्स'चे तीन खंड १९८७ ते १९९० या काळात काढले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर डी. के. मिश्रा आणि एन. पी. सिंग यांचा प्रदेशनिष्ठ आणि संकटग्रस्त सपुष्प वनस्पतींवरचा ग्रंथ २००१मध्ये आला. दरम्यान १९९४मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने धोक्याच्या श्रेणी आकड्यांत बांधल्या. आधी तज्ज्ञाच्या अंदाजावर बरेच अवलंबून असे. आता कसोट्या ठरल्या. एखाद्या जातीचे पक्व जीव पन्नासांहून कमी उरले, तर तेवढ्यावर ती 'अतिसंकटग्रस्त' ठरू शकते. किंवा तिने प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र दहा चौरस किलोमीटरांहून कमी असेल, तेही तुकड्यातुकड्यांत, आणि घट चालू असेल, तरीही.

या भाषेचा मला आदर आहे. ती भावनेला वाव देत नाही. वाघ सुंदर आणि झुडूप सामान्य असा भेद ती करत नाही. याच याद्यांमुळे सोनघंटेसारख्या वनस्पतीकडे संशोधनाचा पैसा आणि विद्यार्थी वळतात. कलमांपासून आणि ऊतीसंवर्धनाने तिची रोपे करण्याचे प्रयत्न झाले, वनस्पती-उद्यानांत संकटग्रस्त वनस्पती जपण्याला बळ मिळाले. हे काम झाले नसते, तर मी हा लेख भूतकाळात लिहिला असता.

तरीही वाचक म्हणून माझी तक्रार आहे. 'अतिसंकटग्रस्त' हा शब्द घडवला इंग्रजी संज्ञेला प्रतिशब्द म्हणून, आणि तो तिथेच राहिला. तो बोलीत उतरत नाही. मामांना 'दुर्मिळ' कळला नाही, तिथे हा काय कळणार! यादी आपल्याला सांगते, की ही जाती शेवटापासून किती अंतरावर आहे. ते अंतर कोणाच्या हाताने कमी होते आहे, हे ती 'अधिवासाचा ऱ्हास' अशा दोन शब्दांत उरकते. सह्याद्रीत अधिवासाचा ऱ्हास म्हणजे काय? पुढल्या वर्षी गवत चांगले यावे म्हणून लावलेला वणवा. हिवाळ्यात फुललेल्या सोनघंटेची फळे पिकून बी सांडते, त्याच सुमारास उतार पेटू लागतात. बी रुजायच्या आधीच भाजून निघते. ऱ्हास म्हणजे सरपणासाठी, कुंपणासाठी चाललेली तोड. ऱ्हास म्हणजे रस्ता. रानड्यांनी नमुना घेतला तो आंबा घाट आज मिऱ्या–नागपूर महामार्गाचा भाग आहे. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत याच घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. चौपदरीकरणाच्या बातम्यांत किती मिनिटे वाचतील हे असते. उताराच्या कडेला काय उभे आहे, हे नसते.

आणि रोप तयार करणे म्हणजे जाती वाचवणे नव्हे, हेही यादी पुरेसे ठसवत नाही. एकाच झुडपाच्या फांद्यांपासून शंभर रोपे केली, तरी वारसा त्या एकाच झुडपाचा असतो. बागेतले झुडूप हा डोंगरावरच्या झुडपाचा विमा आहे. विमा काढला म्हणून कोणी घराला आग लागू देत नाही.

'सापडली'

यानंतरचा मजकूर वर्तमानपत्रांचा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पश्चिम घाटातल्या दुर्मिळ वनस्पतींच्या बातम्यांचा एक ठरावीक घाट तयार झाला आहे. अमुक एक वनस्पती कित्येक वर्षे नामशेष मानली जात होती. तमुक अभ्यासकांनी डोंगरदऱ्या पालथ्या घातल्या. अखेर ती सापडली. सोबत फुलाचे जवळून काढलेले छायाचित्र आणि अभ्यासकांचे हसरे चेहरे.

सोनघंटेच्या नोंदीही मधली अनेक दशके अगदी तुरळक होत्या. अलीकडच्या काळात कोल्हापूर, सातारा, पुणे या जिल्ह्यांतल्या थोड्या जागांतून त्या पुन्हा मिळू लागल्या. तेव्हा ती 'सापडली' हे म्हणणे खोटे नाही. नोंदीत नसलेले झुडूप नोंदीत येणे ही महत्त्वाची गोष्ट आहे. जैविक विविधता कायद्याच्या ३८व्या कलमानुसार केंद्र सरकार राज्याशी सल्लामसलत करून धोक्यातल्या जाती अधिसूचित करू शकते. त्याला आधार लागतो तो अशाच नोंदींचा.

पण 'सापडली' या क्रियापदात एक गृहीत आहे : ती हरवली होती. कोणाची हरवली होती? मामांची नव्हती. त्यांच्या शेरडांची तर मुळीच नव्हती. हरवली होती ती वाचणाऱ्यांची, म्हणून सापडल्याची बातमीही वाचणाऱ्यांसाठीच. या बातम्यांत स्थानिक माणूस असतो तो 'वाटाड्या' म्हणून, बहुधा शेवटच्या परिच्छेदात. सापडल्यानंतर पुढे काय, हे सांगायला बातमीत जागा नसते. कारण गोष्ट सापडण्यापाशी पूर्ण होते. लोककथेत हरवलेला राजपुत्र सापडला की कथा संपते, तसे.

आपल्या भाषेतच झुडपाची बाजू कमकुवत आहे, असे मला वाटू लागले आहे. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'पासून मारुती चितमपल्लींच्या लेखनापर्यंत मराठीने झाडांवर, पाखरांवर प्रेम करायला शिकवले. पळस, पांगारा, बहावा यांना आपल्या मनात घर आहे. झुडपाला नाही. झाड लावतात, झुडूप वाढते. झाड बहरते, झुडूप माजते. 'झाडझुडूप' या जोडशब्दात ते शेपटासारखे मागे लागलेले. 'झाडेझुडपे काढून परिसर स्वच्छ केला' हे वाक्य मी मुद्रितशोधनात शेकडो वेळा नजरेखालून घातले असेल. त्यात मला कधी चूक दिसली नाही. व्याकरणाची चूक नव्हतीच.

तटाखालचे बुंधे

आता माझ्या स्वतःच्या मजकुराबद्दल. पाच झुडपे पाहून आल्यावर मी एका छोट्या नियतकालिकात लेख लिहिला. सोनघंटेचे वर्णन केले, रानड्यांबद्दल लिहिले आणि ठिकाण सांगितले नाही. तसे करण्याचा सल्ला मला जाणत्या माणसांनी दिला होता आणि तो योग्यच होता. ठिकाण फुटले की हौशी छायाचित्रकारांची रीघ लागते, पायाखाली रोपे जातात, कोणी बागेसाठी उपटून नेतो. दुर्मिळ फुलाचा पत्ता गुप्त ठेवणे हा या क्षेत्रातला शिष्टाचार आहे. मला तो आवडलाही होता. आपल्याला असे काही ठाऊक आहे जे इतरांना नाही, याचा एक सूक्ष्म अहंकार असतो. शिक्षण नसलेल्या माणसाला तो जरा जास्तच होतो.

चार वर्षांनी, दिवाळीनंतरच्या महिन्यात, एका दुर्गसंवर्धन गटाने त्या किल्ल्याच्या तटाची स्वच्छता केली. मुले चांगली. आठवडाभर नोकऱ्या करून रविवारी पदरमोड करून येणारी, कोयती-कुऱ्हाडी घेऊन उन्हात राबणारी. तटातली झाडे काढणे गरजेचेच असते. पिंपळ-उंबराची मुळे चिऱ्यांत शिरली की बांधकाम फुटते. त्यांनी 'आधी' आणि 'नंतर' अशी छायाचित्रे जोडून फिरवली. ती फिरत माझ्याकडे आली. 'नंतर'च्या चित्रात तट पायापर्यंत मोकळा झाला होता.

पुढच्या रविवारी मी वर गेलो. पाचांपैकी तीन झुडपांचे नुसते बुंधे होते. फांद्या बाजूला ढीग करून ठेवलेल्या, त्यांवर सुकलेल्या कळ्या. उरलेली दोन उताराला थोडी खाली असल्यामुळे वाचली होती.

गटाच्या प्रमुखाला मी गाठले. तिशीतला मुलगा. मी रागाने सुरुवात केली. त्याने ऐकून घेतले. मी दाखवलेले चित्र बराच वेळ पाहिले. मग तो म्हणाला, "काका, आम्हाला वाटलं झुडपंच आहेत. कुणी सांगितलंच नाही. तुम्हाला माहीत होतं ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. मी चार वर्षे ज्यांच्यापासून ठिकाण लपवले, ते पुण्या-मुंबईचे कुतूहलवाले तिकडे फिरकलेही नव्हते. ज्यांच्या हातात कोयता होता त्यांना सांगण्याचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. माझा लेखही क्यूच्या वर्णनासारखाच निघाला. दूरच्या वाचकाला झुडूप दाखवणारा, जवळच्या माणसाला न दिसणारा. मी क्यूला दोष देत होतो, पण त्यांचे वाचक तरी क्यूमध्ये होते.

तेव्हापासून मला गुप्ततेचा प्रश्न वेगळा दिसतो. ठिकाण लपवायचे की नाही, असा तो नाहीच. कोणापासून लपवायचे आणि कोणाला मुद्दाम जाऊन सांगायचे, असा आहे. या अंकात मी किल्ल्याचे नाव देत नाही. वनखात्याचा पहारेकरी, धनगरवाडा, शाळेचे मास्तर आणि तो गट, या सर्वांना आता ते ठाऊक आहे.

गावची नोंदवही

जवळच्या माणसांसाठी लिहायचा एक मजकूर कायद्यात आहे. जैविक विविधता कायदा २००२चा. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि त्या समितीने गावकऱ्यांशी बोलून लोकजैवविविधता नोंदवही करायची. आपल्या शिवारात काय उगवते, त्याला आपण काय म्हणतो, पूर्वी काय होते, आता काय नाही, हे त्यात यावे अशी कल्पना. वर्णन-ग्रंथ, लाल यादी आणि बातमी या तिन्हींत जे राहून गेले, ते सगळे या वहीत मावू शकते. मामांचे ओढ्याकाठचे वाक्य तिथेच शोभणारे.

प्रत्यक्षात काय झाले? अनेक वर्षे काम रेंगाळले. मग राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये आदेश दिला, की ३१ जानेवारी २०२०पर्यंत नोंदवह्या पूर्ण करा, नाही तर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील. लवादाचा हेतू चांगला होता. पण मुदत जवळ आली की कागद कसा भरतो, हे छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला सांगायला नको. मी एका गावची नोंदवही पाहिली. यादी नीट टंकलिखित होती. तीत त्या डोंगरावर न उगवणारी झाडे होती आणि एक चुकीचा शब्द असा होता, जो शेजारच्या गावच्या वहीतही त्याच ओळीवर तसाच चुकलेला होता. मुद्रितशोधकाला याहून वेगळा पुरावा लागत नाही. नक्कल ओळखायची ती चुकीवरून. रानभेंडी किंवा सोनघंटा दोन्ही वह्यांत नव्हती.

ही वही कायमची बंद करून ठेवायची नसते, तिच्यात भर घालता येते. गेल्या वर्षी मी, मामा आणि शाळेचे मास्तर ग्रामपंचायतीत बसलो. जे लिहिले ते असे : स्थानिक नाव रानभेंडी, दुसरे नाव सोनघंटा. किल्ल्याच्या तटाखाली दोन मोठी. तीन तोडलेल्या बुंध्यांपैकी एकाला फुटवा. पूर्वी ओढ्याकाठी असे, सुमारे चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत. फुले हिवाळ्यात, बी वणव्याच्या वेळी. तटाखाली जाळरेषा काढणे, शेरडे दोन महिने पलीकडच्या अंगाला चारणे. माहिती देणारा म्हणून मामांचे नाव. त्यांच्या नावापुढे मी सवयीने पेन टेकवले आणि एक उद्गारचिन्ह काढले. ग्रामसेवकांनी विचारले, "हे चुकून पडलंय का?" मी म्हटले, "नाही, राहू द्या."

याने सोनघंटा वाचली, असे मी म्हणणार नाही. दोन झुडपे आणि एक फुटवा म्हणजे फार थोडे आहे. एवढ्या थोड्यांत परागण आपसांतच होत राहिले तर बी कसदार निघेलच असे नाही. एका वाईट उन्हाळ्यात सगळे संपू शकते. त्यासाठी बागांतली रोपे योग्य वेळी योग्य उतारावर परत यायला हवीत आणि ते काम शास्त्रज्ञांचेच आहे. पण ती परत आल्यावर कोणाच्या भरवशावर उभी राहणार, हे ठरवणारा मजकूर मराठीत, तोही गावच्या मराठीत, लिहिला जायला हवा. तो लिहायला पदवी लागत नाही. तिथे जाऊन बसायला मात्र लागते.

हा अंक आपल्या हातात पडेल तेव्हा पावसाळा ओसरलेला असेल आणि गडांवरच्या स्वच्छतेच्या मोहिमा सुरू होत असतील. आपल्यापैकी काही जण जातील, काहींची मुले जातील. त्यांना एवढेच सांगावे. तटाखाली माणसाहून उंच, मऊ लवेचे, हृदयाच्या आकाराच्या आणि लांब टोकाच्या पानांचे झुडूप दिसले, तर कोयता जरा थांबवा. कळ्या खाली लोंबताना दिसल्या तर नक्कीच थांबवा. चित्तरात तट थोडा कमी मोकळा दिसेल. आणि खालच्या वाडीत जाऊन विचारा, या झुडपाला इथे काय म्हणतात. सांगतील ते लिहून घ्या. मी पहिल्या दिवशी लिहून घेतले नव्हते.